सुटं टोक

"चहा निवायच्या आत करून टाकतो, तुम्ही फक्त कप इथं ठेवा," असं डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवल्या.

कप खिडकीत ठेवला गेला. चहा निवला. सासूबाईंनी दुसरा आणून ठेवला, तोही निवला. तिसऱ्यावर जाड साय धरली तेव्हा डॉक्टर टीव्हीच्या कपाटामागे कमरेपर्यंत आत गेलेले होते आणि बाहेर नुसते दोन पाय उरले होते.

"जिवंत आहे ना?" बायकोनं आतल्या खोलीतून विचारलं.

"पाय हलतायत," सासूबाई म्हणाल्या.

हे डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडातल्या अंधारात गेलेलं, त्यामुळे ज्या ज्या वस्तूला भोक आहे ती ती आपल्याला कळते असा त्यांचा पक्का समज होता. नळाला भोक असतं, कुलपाला असतं, शेगडीला तर असतातच असतात. डॉक्टर सगळ्यांना एकदा तरी हात घालून बसलेले होते. खुर्चीतल्या पेशंटला ज्या मऊ आवाजात "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणायचं, त्याच आवाजात ते घरातल्या वस्तूंशी बोलायचे. मागे नळ दुरुस्त करतानाही असंच बोलले होते, आणि थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका डोक्यावर छत्री धरून वर आले होते.

आज मुंगी चावायची होती ती एका जुन्या राऊटरला.

भानगड अशी होती. सिनेमे, गाणी, फोटो, सगळा खजिना आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत. दोघांच्या मध्ये सासूबाईंचं कपाट. हे कपाट सासूबाईंबरोबरच या घरात आलेलं. त्याला माणसाएवढा आरसा होता, आणि ते जरा सरकवू या का असं कोणी नुसतं विचारलं तरी सासूबाई स्वतःच हे घर सोडायची भाषा करत. आतल्या राऊटरकडून हवेतून निघालेलं इंटरनेट त्या आरशापाशी पोचायचं, स्वतःचं तोंड बघायचं आणि लाजून परत फिरायचं. त्यामुळे बाहेर कुठलाही सिनेमा उचकी लागल्यासारखा चालायचा. नायक "मी तुझ्यावर" एवढं म्हणून थांबायचा आणि पुढचा शब्द येईपर्यंत बायकोची भाजी चिरून व्हायची.

म्हणून डॉक्टरांनी आतून बाहेर एक लांबलचक वायर ओढली. भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, कपाटाच्या डोक्यावरून. वायर आली खरी, पण आल्यावर लक्षात आलं की वायर एक आणि दावेदार दोन: सिनेमे लावायची काळी डबी आणि स्पीकर.

"एका वायरीच्या चार करणारी डबी मिळते दुकानात," बायको म्हणाली. "स्विच म्हणतात तिला. जा आणि घेऊन ये."

"विकत?" डॉक्टरांचा चेहरा असा झाला की जणू तिनं त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे दात दाखवायला सांगितलं. "घरात जुना राऊटर धूळ खात पडलाय, त्याला मागे हीच भोकं आहेत, आणि आपण स्विच विकत आणायचा? अगं, राऊटर म्हणजे तरी काय? स्विचच. फक्त त्याला डोकं असतं. ते डोकं बंद करायचं, सांगितलेलं तेवढं मुकाट्यानं करायला लावायचं, की झाला स्विच."

"म्हणजे लग्नानंतर तुझं झालं तसं," बायको म्हणाली.

एरवी हा खेळ महिनाभर चालला असता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण आज संध्याकाळी मावशी येणार होत्या.

मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. दोघींनी सगळी नोकरी एकाच टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, अगदी खुर्चीला खुर्ची लावून. तेव्हा फोन आपले आपण लागत नसत. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्याला भोकंच भोकं. दिवा लागला की या भोकातली कॉर्ड त्या भोकात घालायची, मग इकडचा माणूस तिकडच्याशी बोलायला लागायचा. पुढे यंत्रं आली. बोर्ड ज्या दिवशी कायमचा बंद झाला त्या दिवशी ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम झाला, आणि साहेबांचं भाषण चालू असतानाच बोर्डावर शेवटचा एक दिवा लागला.

तो शेवटचा कॉल कोणी जोडला?

सासूबाई म्हणत, मी. मावशी म्हणत, मी. या एका प्रश्नावर दोघी इतकी वर्षं भांडत आल्या होत्या की कॉल कोणाचा होता आणि कोणाला होता हे दोघींनाही आठवत नव्हतं. लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, कुणाच्या नव्या घरी, कुठंही भेटल्या की विषय तोच. सासरे गेले तेव्हा मावशी भेटायला आल्या, धाकट्या बहिणीला पोटाशी धरून पोटभर रडल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पण कॉल मीच जोडला होता हं, धाकटे."

आणि गेल्या महिन्यात त्या आरशाच्या कपाटाच्या तळाशी एक व्हिडिओ कॅसेट सापडली. निरोपाच्या कार्यक्रमाचं शूटिंग. डॉक्टरांनी ती एका स्टुडिओवाल्याकडे नेली आणि कॉम्प्युटरवर उतरवून आणली. पण सासूबाईंनी काही ती बघितली नाही.

"ताईबरोबरच बघणार. आधी बघितली तर म्हणेल, जावयाकडून काटछाट करून घेतलीस."

डॉक्टरांनाही त्यांनी शपथ घातली. डॉक्टरांनी ती पाळली, पण त्या दिवसापासून त्यांना रात्री झोपेत बोर्डावर दिवे दिसायला लागले.

मावशी उद्या मुलाकडे जाणार होत्या. समुद्रापलीकडे, कायमच्या. त्यांच्या घरातलं सामान बांधून झालं होतं.

"उद्या ती गेली की मी खरी होते हे कोणाला दाखवू?" सासूबाई सकाळी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी हललं. हलणारा दात डॉक्टरांना लांबून कळतो. ते म्हणाले, "आई, आज संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बघाल. मोठ्या स्पीकरवर ऐकाल. मावशींना पळायला जागा ठेवणार नाही मी."

"पेन ड्राइव्हवर घे ना आणि लाव टीव्हीला," बायको म्हणाली.

तो रस्ता बंद होता, आणि तो बंद करण्याचं श्रेय सासूबाईंचं होतं. एक्सचेंजमध्ये सुटी लोंबणारी कॉर्ड म्हणजे गुन्हा. मोठ्या बाई मागून फेऱ्या मारायच्या आणि कोणाची कॉर्ड लोंबताना दिसली की सगळ्यांसमोर त्या मुलीचा उद्धार करायच्या. नोकरी संपली, मोठ्या बाई गेल्या, पण सासूबाईंच्या बोटांना हे कोणी कळवलं नाही. सुटं टोक दिसलं की बोटं आपोआप जवळचं रिकामं भोक शोधत. त्यामुळे या घरात वायर कुठं लोंबत नसे आणि भोक कुठं रिकामं नसे. कशाची वायर कशात गेली आहे हा प्रश्न वेगळा. टीव्हीला पेन ड्राइव्हचं एकच भोक होतं. त्यात त्यांनी एका चार्जरचं टोक उलटं घालून, बसेना म्हणून जरा जोर लावून, बसवलं होतं. ते आतच तुटलं. डॉक्टरांनी दवाखान्यातली पक्कड आणून बघितली, घाम पुसला आणि म्हणाले, "मूळ फार खोल गेलंय."

तर असे डॉक्टर कपाटामागे होते.

जुन्या राऊटरला मागे पाच भोकं. चार घरातल्या यंत्रांसाठी, पाचवं कडेचं, ते बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी. स्विच म्हणून वापरायचा तर पाचव्याकडे ढुंकून बघायचं नाही, आतून आलेली वायर चारांतल्याच एकात घालायची. डॉक्टरांना हे पाठ होतं. पण त्यांनी मोठ्या हौसेनं राऊटर आधी टीव्हीच्या कपाटाच्या पाठीला चिकटपट्टीनं डकवून टाकला होता, भोकं भिंतीकडे करून, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आता भोकं दिसत नाहीत.

"काही हरकत नाही," ते म्हणाले आणि खिशातून दात बघायचा छोटा गोल आरसा काढला. "आरशात बघून काम करणं हा तर माझा रोजचा धंदा."

धंद्यानंच घात केला. आरशात उजवं ते डावं दिसतं हे डॉक्टरांच्या हाताला इतकं मुरलेलं होतं की हातानं न विचारता उजव्याचं डावं केलं. मग डोक्याला आठवलं की अरे, आपण आरशात बघतोय, म्हणून डोक्यानं त्याचं पुन्हा उजवं केलं. वायर नेमकी पाचव्या भोकात जाऊन बसली. खट् असा समाधानाचा आवाज आला.

काळ्या डबीनं पडद्यावर कळवलं, घरात एकही कॉम्प्युटर नाही.

"नाही काय? आत आहे की!" डॉक्टर टीव्हीवर ओरडले. टीव्हीवर ओरडून कोणाचं भलं झालंय? बराच वेळ डबी चालू-बंद करून झाल्यावर त्यांनी बोटानं चाचपून भोकं मोजली आणि कोणाला न सांगता वायर बदलली.

आता वायर बरोबर भोकात होती. फक्त डोकं बंद करायचं राहून गेलं होतं.

म्हणजे असं, की राऊटर हा घरातला कारभारी. प्रत्येक यंत्राला तो एक नंबर वाटतो आणि त्या नंबरावर ज्याचं त्याला पोचवतो. आतल्या खोलीत एक कारभारी होताच. बाहेरच्या या म्हाताऱ्याला सेवेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण वीज मिळताच तो खडबडून जागा झाला आणि आपणच या घराचे मालक अशा थाटात नंबर वाटायला लागला. दोघांचा स्वतःचा नंबरही एकच. एका म्यानात दोन तलवारी. फ्रीजपासून फोनपर्यंत कोणी याच्याकडून नंबर घेतला, कोणी त्याच्याकडून, आणि कोणाचंच कोणाला काही पोचेना.

डॉक्टरांची बायको दुभाषी. ती आत कॉम्प्युटरसमोर बसून दोन देशांतल्या दोन व्यापाऱ्यांचं बोलणं एकमेकांना समजावून सांगत होती. खुर्च्यांचा सौदा होता. ती एकाला अगदी गोड हसून म्हणाली, "साहेबांचं म्हणणं असं आहे की तुमच्या खुर्च्यांवर बसल्यावर," आणि तिथंच दगड झाली. पलीकडे त्या व्यापाऱ्याला तिचा हसरा, न हलणारा चेहरा दिसत राहिला. आपल्या खुर्च्यांवर बसल्यावर काय होतं याचा तो बराच वेळ विचार करत बसला. विचार करून करून त्यानं सौदा मोडायचं ठरवलं.

बायको बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं.

"काय केलंस?"

"काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं..."

"चावेन मी आता."

डॉक्टरांनी मुकाट्यानं आतून आलेली वायर उपटली. ती आत गेली, दोन्ही व्यापाऱ्यांची समजूत घातली, खुर्च्यांवर बसल्यावर उठावंसं वाटत नाही असं वाक्य पुरं केलं आणि सौदा वाचवला. इकडे डॉक्टरांनी म्हाताऱ्या राऊटरला एकट्याला लॅपटॉपशी बांधलं. पासवर्ड कोणाला आठवत होता? दात खरवडायची सळई बारीक भोकात खुपसून त्यांनी त्याची सगळी स्मृती घालवली. मग त्याला नवा नंबर दिला, नंबर वाटायचं काम बंद केलं, आणि मऊ आवाजात म्हणाले, "आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं इकडचं घ्यायचं, तिकडे द्यायचं. आराम करा."

वायर पुन्हा लावली. डबीनं कॉम्प्युटर ओळखला. पडद्यावर एका कासवाची माहिती देणारी फिल्म सुरू झाली आणि ते कासव, आपल्या चालीनं का होईना, पण न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढंच की स्पीकरचं भोक वेगळ्याच आकाराचं निघालं. त्याच्यासाठी आणलेल्या आखूड वायरीचं एक टोक राऊटरमध्ये होतं, दुसरं लोंबत राहिलं. "उद्या बघू," डॉक्टर म्हणाले आणि अंघोळीला गेले.

पाहुणी येणार म्हणून सासूबाईंनी हातात फडकं घेतलं आणि बाहेरची खोली झाडूनपुसून लख्ख केली.

संध्याकाळी मावशी आल्या. अंगानं बारीक, काठी हातात, पण ती टेकायला नसून दाखवायला.

"कुठाय तुमचा पुरावा? लावा. खाली टॅक्सी थांबवून आलेय. ड्रायव्हर म्हणाला, फार वेळ थांबणार नाही."

"एवढी घाई? बस तरी, ताई," सासूबाई म्हणाल्या.

"हरायची घाई तुला आहे, मला नाही."

डॉक्टरांनी रिमोट हातात घेतला, घसा खाकरला, "मावशी, आई, आज या घरात..." असं काहीतरी सुरू केलं, बायकोनं डोळे वटारले, म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरायला लागला.

गोल फिरला, फिरत राहिला. डॉक्टर हसले. मग नुसते दात दिसायला लागले. त्यांनी डबी बंद करून चालू केली. टीव्ही बंद करून चालू केला. आत पळाले, तिथल्या राऊटरचे सगळे दिवे पिसाळल्यासारखे उघडझाप करत होते. बाहेर पळाले, म्हाताऱ्याचेही तेच. बायकोचा फोन ठप्प, कॉम्प्युटर ठप्प.

"पुन्हा दोन कारभारी झाले का रे?" बायकोनं विचारलं.

"नाही गं! त्याचं डोकं मी स्वतः बंद केलंय!"

"मग दुसऱ्या कोणाचं बंद झालं असेल."

"दात काढायचे डॉक्टर ना तुम्ही?" मावशी आरामखुर्चीतून म्हणाल्या. "आज लोकांना दात काढायची सोय केलीत म्हणायची."

डॉक्टरांनी टीव्हीचं कपाट दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून ओढलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. सासूबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. ते बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. पेशंटचा चुकीचा दात उपटल्यावर उतरावा तसा.

"जाऊ दे हो, जावईबापू," मावशी उठल्या. आवाज जरा नरम झाला होता. "त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. मीच आहे त्यात."

"कुठली तू आहेस!" सासूबाई एकदम पेटल्या. "तुझ्याकडे तर तेव्हा कॉर्डच नव्हती! तुझ्या दोन्ही कॉर्डी लोंबत होत्या, मोठ्या बाई ओरडल्या नव्हत्या का तुला?"

"मला? मला ओरडल्या? माझी कॉर्ड जन्मात कधी लोंबली नाही!" मावशी काठी आपटत कपाटामागे आल्या. ओढलेल्या कपाटाची पाठ समोर होती, तिला डकवलेला राऊटर, भोकं, लुकलुकते दिवे. मावशी थबकल्या. "अगंबाई. बोर्डच की हा."

"बोर्डच," सासूबाई म्हणाल्या.

क्षणभर दोघींचं भांडण राहिलं. दोघी वाकून बघायला लागल्या.

"केवढासा झालाय गं."

"आपल्यासारखाच."

मग मावशींची काठी पुढे झाली. "आणि ही कोणी घातलीय अशी? एकाच कॉर्डीची दोन्ही टोकं एकाच बोर्डात?"

"मी घातली," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "लोंबत होती. फडकं मारताना बघितलं, बाजूलाच भोक रिकामं होतं, दिली आत."

"तू घातलीस ना? मग अशीच असणार! म्हणे शेवटचा कॉल मी जोडला. हिनं स्वतःच स्वतःला फोन लावून ठेवलाय!" आणि मावशींनी ते टोक धरून खसकन ओढलं.

दिवे एकदम शांत झाले. टीव्हीच्या स्पीकरमधून टाळ्यांचा आवाज आला.

डॉक्टर आ वासून उभे होते. आता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. राऊटरनं एका भोकातून धाडलेला निरोप त्या आखूड वायरीतून शेजारच्याच भोकात घरी परत येत होता. राऊटर म्हणायचा, अरे वा, नवा निरोप आला, आणि पुन्हा धाडायचा. तो पुन्हा यायचा. एका निरोपाचे हजार झाले, घरातल्या सगळ्या वायरी त्याच गोंधळानं तुंबल्या, आणि बाकी कोणाला बोलायला जागाच राहिली नाही. हे सगळं त्यांना सांगायचं होतं, पण ऐकणार कोण?

पडद्यावर कार्यक्रम सुरू झाला होता. चित्र धुरकट, रंग उडालेले, पण उचकी नाही. साहेब भाषण करत होते. मागे तो मोठा बोर्ड, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, दोन पाठी, दोन लांब वेण्या. ऑफिसनं दोघींना निरोपाची सारखीच घड्याळं दिली होती, ती दोघींच्या मनगटांवर.

"ही मी," सासूबाई म्हणाल्या.

"ती मी. तू एवढी बारीक कधी होतीस?"

"ताई, ते बघ ना, सारखी चुळबुळ करणारी ती पोर."

"हो गं. आणि साहेबांच्या शर्टाचं बटण तुटलंय, ते आठवतंय?"

बायकोनं हळूच चहाचा नवा कप आणला आणि डॉक्टरांच्या पायाशी, कपाटाच्या मागे, जमिनीवर ठेवला. डॉक्टरांना इतकं भरून आलं होतं की त्यांना तो उचलायचंही सुचलं नाही. दोघी बहिणी कपाटाच्या दोन अंगांना उभ्या होत्या, माना वळवून पडद्याकडे बघत. त्यांच्या मध्ये आखूड वायरीचं सुटं टोक लोंबत होतं.

आणि मग पडद्यावर, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, एक दिवा लागला.

दोन पाठींतली एक पुढे झुकली. का दुसरी? दोन वेण्या एकमेकींत गेल्या. एक हात वर आला. मनगट दिसलं, घड्याळ दिसलं, बोटं कॉर्डीकडे निघाली.

चित्र थांबलं. गोल फिरायला लागला.

डॉक्टरांनी मागे वळून बघितलं. सुटं टोक लोंबत नव्हतं. ते रिकाम्या भोकात व्यवस्थित बसलेलं होतं. सासूबाईंचे दोन्ही हात पाठीमागे होते. मावशींचेही.

"कोणी घातलं?"

"मी नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मी पण नाही," मावशी म्हणाल्या.

"आई! मावशी! थांबा, काढतो, एका सेकंदात..."

"राहू दे," दोघी एकदम म्हणाल्या. इतक्या एका आवाजात, की दोघींनी चमकून एकमेकींकडे बघितलं.

खालून हॉर्न वाजला, या वेळी बराच लांब.

"टॅक्सीवाला खवळला," मावशी म्हणाल्या. पडद्यावरच्या थांबलेल्या हाताकडे त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. "माझाच हात आहे. उगीच वाद नको."

"तुझी बोटं एवढी सरळ आहेत का? माझा आहे."

"तिकडे पोचले की फोन करते. मग सांगते तुला."

"रोज कर. रोज सांगेन मी."

सासूबाई त्यांना सोडायला खाली गेल्या. जिन्यातून दोघींचं भांडण टप्प्याटप्प्यानं खाली उतरताना ऐकू येत होतं, आणि मध्येच एकदा दोघींचं हसणंही आलं. बायको खिडकीतून बघून म्हणाली, "टॅक्सीचं दार धरून अजून भांडतायत. मिठी पण मारली. हं, आता परत भांडतायत."

डॉक्टरांची शपथ मावशींबरोबर बघेपर्यंतच होती. मावशी तर गेल्या होत्या. डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं, वाकले, मऊ आवाजात "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणाले आणि ते टोक धरून ओढलं. टोक घट्ट बसलं होतं. त्याच्याबरोबर चिकटपट्टी निघाली, राऊटर निघाला आणि खालच्या चहाच्या कपावर आपटला. फट् असा आवाज झाला. टीव्ही बंद पडला, फ्रीज बंद पडला, घरातले सगळे दिवे गेले. चहा अजून निवला नव्हता.